तुलना कोणाशी?

बाळाच्या नाळेला काय लावायचं? डिस्चार्जच्या दिवशी हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आजी विचारते. घरात त्याची उत्तरं आधीच तयार असतात: हळद, खोबरेल तेल, कुठे राख, कुठे पावडर. दवाखान्यातही एकच उत्तर मिळेल असं नाही. एका वॉर्डात स्पिरिट लावायची पद्धत, दुसऱ्यात जांभळं औषध, तिसऱ्यात काहीच नाही. आणि असं का, म्हणून विचारलं तर बहुतेक वेळा ऐकायला मिळतं, "आमच्याकडे पहिल्यापासून असंच चालतं."

या 'का'चा माग कसा काढायचा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि प्रबंधाचा विषय शोधणारे विद्यार्थी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पुराव्यावर आधारित उपचार म्हटलं की मोठी रुग्णालयं, संगणक आणि संख्याशास्त्राची जाड पुस्तकं आठवतात. पण त्याची सुरुवात एका साध्या सवयीने होते. कोणी म्हणालं, 'याचा गुण येतो', की लगेच विचारायचं: ज्यांना हे दिलं नाही, त्यांचं काय झालं? म्हणजेच, तुलना कोणाशी? मी सगळी उदाहरणं नवजात बाळांचीच घेतली आहेत. या विषयात गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत चांगल्या हेतूने झालेली मोठी हानी दिसते, आणि नीट मोजल्यामुळे वाचलेले लाखो जीवही दिसतात.

प्रश्न आधी बांधून घ्या

'नाळेला लावायचं क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक चांगलं का?' या प्रश्नाला उत्तर नाही. कोणासाठी चांगलं? कशापेक्षा चांगलं? चांगलं म्हणजे नेमकं काय झालं पाहिजे? उत्तर देता येईल अशा प्रश्नात चार गोष्टी लागतात: रुग्ण कोण, त्याला काय द्यायचं, त्याऐवजी दुसरं काय करता आलं असतं, आणि शेवटी कोणता परिणाम मोजायचा. 'घरी जन्मलेल्या बाळांच्या नाळेला पहिल्या आठवड्यात क्लोरहेक्सिडीन लावलं, तर नाळ नुसती कोरडी ठेवण्याच्या तुलनेत पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू कमी होतात का?' हा प्रश्न लांबलचक वाटतो, पण तो शोधता येतो. वहीत लिहून काढा. लिहिताना तिसरी गोष्ट, म्हणजे तुलना, हमखास गळून पडते. ती गळाली की उरलेल्या तिन्ही गोष्टी निरुपयोगी होतात.

या प्रश्नाचं उत्तर शोधताना काय सापडतं ते पाहण्यासारखं आहे. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यातला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तिथे बहुतेक बाळंतपणं घरीच होत. क्लोरहेक्सिडीन लावलेल्या बाळांमध्ये मृत्यू २४ टक्क्यांनी कमी दिसले. २०१२ मध्ये बांगलादेश आणि पाकिस्तानातून आणखी दोन मोठे अभ्यास आले. दोन्हींत फायदा दिसला, मात्र बांगलादेशात एक विचित्र गोष्ट होती. एकदाच लावलेल्या गटात मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले, आणि रोज लावलेल्या गटात फरक जवळजवळ नव्हता. औषध खरोखर काम करत असेल तर जास्त वेळा लावून फायदा कमी कसा होईल? अशी विसंगती दिसली की थांबावं. आकड्यांत योगायोगाचाही वाटा असतो, याची ती खूण असते.

२०१६ मध्ये आफ्रिकेतून दोन अभ्यास आले, एक झांबियातला आणि एक टांझानियाच्या पेंबा बेटावरचा. दोन्हींत मृत्यूंमध्ये भरवशाने सांगता येईल असा फरक पडला नाही. औषध तेच होतं, मग बदललं काय? या दोन्ही ठिकाणी मुळात बालमृत्यू बरेच कमी होते आणि दवाखान्यात होणारी बाळंतपणंही जास्त होती. जिथे नाळेतून जंतुसंसर्ग होण्याचा धोकाच कमी, तिथे तो टाळणाऱ्या औषधाला काम तरी किती उरणार?

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही याच वाटेने बदलत गेली. २०१४ मध्ये त्यांनी क्लोरहेक्सिडीन सुचवलं ते घरी जन्मलेल्या बाळांसाठी, आणि तेही जिथे दर हजार जन्मांमागे ३० किंवा अधिक नवजात दगावतात अशा भागांत. २०२२ मध्ये ती आणखी आक्रसली: नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवा, नाळेला घातक पदार्थ लावायची चाल जिथे सर्रास आहे, तिथेच क्लोरहेक्सिडीन वापरा. महाराष्ट्रात आज ९० टक्क्यांहून जास्त बाळंतपणं दवाखान्यात होतात. तेव्हा डिस्चार्जच्या वेळी आजीला ठामपणे सांगा, 'काहीही लावू नका. कोरडी ठेवा, लंगोट नाळेच्या खाली बांधा, लाली किंवा पू दिसला तर लगेच आणा.'

काही लावलं तर बिघडतं कुठे, असंही कोणी म्हणेल. आफ्रिकेतल्या काही देशांत हेच क्लोरहेक्सिडीन डोळ्यांचं औषध समजून बाळांच्या डोळ्यांत घातलं गेलं आणि डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. अनावश्यक बाटली घरात गेली की तिच्याबरोबर धोकाही जातो.

पटलेलं म्हणजे खरं नव्हे

कमी दिवसांच्या बाळाला श्वास घ्यायला त्रास होतो, म्हणून त्याला भरपूर ऑक्सिजन द्यावा. ही गोष्ट कोणालाही पटेल. १९४०च्या दशकात पाश्चात्त्य देशांतल्या चांगल्या सुसज्ज रुग्णालयांनी तेच केलं. १९४२ मध्ये बोस्टनच्या टेरी या नेत्रतज्ज्ञाने अशा बाळांमधल्या नव्या अंधत्वाचं वर्णन केलं. पुढच्या सुमारे बारा वर्षांत जगभरात अंदाजे दहा हजार मुलं आंधळी झाली. साधनसंपन्न रुग्णालयांत हा आजार जास्त होता, कारण ऑक्सिजन हात सैल सोडून देणं त्यांनाच परवडत होतं.

कारण शोधताना जीवनसत्त्वं, लोह, प्रकाश, हार्मोन असे किती तरी संशयित पुढे आले. वॉशिंग्टनच्या गॅलिंजर रुग्णालयात आर्नॉल पॅट्झ यांनी ऑक्सिजनचीच तुलना करायचं ठरवलं: काही बाळांना भरपूर, काहींना गरजेपुरता. या अभ्यासातली एक हकिगत प्रत्येक परिचारिकेने ऐकावी. रात्रपाळीच्या काही अनुभवी सिस्टर कमी ऑक्सिजनच्या गटातल्या बाळांचा ऑक्सिजन गुपचूप वाढवत होत्या. त्यांच्या मनात माया होती. बाळ गुदमरेल ही भीती त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. पण अभ्यास ज्या प्रश्नासाठी चालला होता, त्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असं त्या धरून चालल्या होत्या. वॉर्डात कोणताही अभ्यास सुरू करण्याआधी रात्रपाळीच्या माणसांशी बोलून त्यांच्या शंका ऐकून घ्या, असं मी म्हणते ते यासाठीच. ज्यांच्या हातून उपचार होतो, त्यांना तुलना का हवी हे पटलेलं नसेल तर कागदावरचा आराखडा कागदावरच राहतो.

पुढे १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी एकत्र येऊन अभ्यास केला आणि गोष्ट निर्विवाद झाली: मुक्तहस्ताने दिलेला ऑक्सिजन डोळे घालवत होता. ऑक्सिजनवर कडक मर्यादा आल्या, अंधत्व झपाट्याने कमी झालं. इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण त्या अभ्यासात बाळं घेतली होती जन्मानंतर ४८ तास उलटल्यावर. पहिल्या दोन दिवसांत कमी ऑक्सिजनमुळे किती दगावतील, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता. मर्यादा मात्र पहिल्या मिनिटापासून लागू झाल्या. १९७३ मध्ये क्रॉस या संशोधकाने ब्रिटनमधल्या मृत्यूंच्या नोंदींवरून अंदाज मांडला की एका मुलाची दृष्टी वाचवताना सुमारे सोळा बाळं दगावली असावीत. तो अंदाजच आहे, पण त्यातली सूचना गंभीर आहे. अभ्यासात जे मोजलंच नाही, त्याबद्दल तो अभ्यास काही सांगू शकत नाही.

नेमका किती ऑक्सिजन, हे ठरायला २०१० नंतरचे मोठे अभ्यास यावे लागले. रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ८५ ते ८९ टक्के ठेवलेल्या बाळांत डोळ्यांचा आजार कमी होता, पण मृत्यू जास्त होते. ९१ ते ९५ टक्के ठेवलेल्यांत उलट. म्हणून आपल्या एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) पल्स ऑक्सिमीटरचा वरचा अलार्मही लावलेला असला पाहिजे, नुसता खालचा नव्हे. आणि भारतात ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचा डोळ्यांचा पडदा वयाच्या चार आठवड्यांच्या आत तपासून घ्यायचा असतो. फारच लहान बाळांचा त्याहूनही आधी. डिस्चार्ज कार्डावर तपासणीची तारीख घातल्याशिवाय असं बाळ घरी सोडू नका.

गडचिरोलीत काय मोजलं

तुलनात्मक अभ्यास म्हणजे शहरातल्या संस्थांचं काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी गडचिरोलीचा अभ्यास समजून घ्यावा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. नव्वदच्या दशकात तिथल्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे साठच्या आसपास बाळं पहिल्या महिन्यातच दगावत. रुग्णालय लांब, आणि बाळंतीण व बाळ घराबाहेर न पडण्याची रीत. उपचारच घरी नेला तर?

कल्पना चांगली होती, पण त्यांनी ती एकदम सगळीकडे लागू केली नाही. ३९ गावं उपचारासाठी आणि ४७ गावं तुलनेसाठी निवडली. पहिली दोन वर्षं, १९९३ ते १९९५, फक्त नोंदी ठेवल्या. या दोन वर्षांकडे नीट बघा. काम सुरू करायची घाई झालेली असताना दोन वर्षं नुसतं मोजत राहायला संयम लागतो. पण त्यामुळेच कळलं की सुरुवातीला दोन्हीकडची परिस्थिती सारखी होती: उपचाराच्या गावांत नवजात मृत्यूदर ६२, तुलनेच्या गावांत ५८.

मग गावातल्याच बायकांना प्रशिक्षण दिलं. या आरोग्यदूत घरोघरी जाऊन बाळाचं वजन घेत, ऊब कशी ठेवायची ते दाखवत, स्तनपानाच्या अडचणी सोडवत, जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देत, आणि जंतुदोषाची लक्षणं ओळखून प्रतिजैविकाची इंजेक्शनंही देत. तिसऱ्या वर्षी ९३ टक्के बाळांपर्यंत ही सेवा पोहोचली. उपचाराच्या गावांतला मृत्यूदर २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तशी घट झालीच नाही. दोन्हींचा हिशेब लावून निव्वळ घट ६२ टक्के. 'लॅन्सेट'मध्ये हे १९९९ साली छापून आलं.

तुलनेची गावं नसती तर काय झालं असतं? ६२ वरून २५.५ हा आकडा तरीही नजरेत भरला असता. पण त्या वर्षांत रस्ते सुधारले असतील, एखादी साथ ओसरली असेल, पाऊसपाणी बरं झालं असेल, असं कोणीही म्हणू शकलं असतं. शेजारच्या ४७ गावांवरही तोच पाऊस पडत होता आणि तेच सरकार तिथे काम करत होतं. त्यामुळे ही शंका उरली नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती आणखी एक तरतूद. जन्म आणि मृत्यू नोंदवणारी माणसं वेगळी होती आणि उपचार करणाऱ्या आरोग्यदूत वेगळ्या होत्या. आपल्याच कामाचा निकाल आपणच लिहायचा म्हटलं की प्रामाणिक माणसाच्याही हातून एखादा मृत्यू 'मृत जन्म' म्हणून नोंदला जाऊ शकतो. तुमच्या छोट्या अभ्यासातही हे पाळता येतं. ज्या सिस्टरने नवी पद्धत राबवली, तिने निकाल नोंदवू नये. दुसऱ्या पाळीतल्या, कोणत्या बाळाला काय दिलं हे माहीत नसलेल्या व्यक्तीने नोंदवावा.

या अभ्यासातली उणीवही सांगितली पाहिजे. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. चिठ्ठ्या टाकल्या की आपल्याला माहीत असलेले आणि नसलेले सगळे फरक दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले जातात. माणसाने निवड केली की ती खात्री राहत नाही. म्हणूनच दुसऱ्यांनी, दुसऱ्या ठिकाणी तेच तपासून पाहणं गरजेचं होतं. बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये गटांची वाटणी चिठ्ठ्यांच्या पद्धतीने करून झालेला अभ्यास २००८ मध्ये आला. घरी सेवा मिळालेल्या गटात नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते. घट गडचिरोलीइतकी मोठी नव्हती, पण दिशा तीच होती. २०११ पासून आशाताई घरभेटी देतात त्या कार्यक्रमामागे ही सगळी मोजणी आहे. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवसाची भेट हा फॉर्म भरण्याचा सोपस्कार वाटू लागला, तर आशाताईंना ही गोष्ट जरूर सांगा.

तेच इंजेक्शन, दोन निकाल

फुप्फुसं पक्की होण्याचं इंजेक्शन प्रसूती कक्षात सगळ्यांना माहीत असतं. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ मध्ये पहिला अभ्यास प्रसिद्ध केला: अवेळी कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइड दिलं तर बाळाचा श्वासाचा त्रास कमी होतो. पुढे आणखी अभ्यास झाले, पण ते वेगवेगळ्या मासिकांत विखुरलेले होते आणि पुष्कळ डॉक्टर कित्येक वर्षं ते वापरतच नव्हते. सगळे निकाल एकत्र मांडले तेव्हा फायदा स्वच्छ दिसला. त्या मांडणीचं चित्र आज कॉक्रेन या संस्थेचं बोधचिन्ह आहे.

मग हेच इंजेक्शन गावपातळीपर्यंत पोहोचवलं तर? सहा देशांत हा प्रयोग झाला. भारतातली दोन ठिकाणं होती नागपूर आणि बेळगाव. सुमारे एक लाख जन्मांचा अभ्यास. २०१५ मध्ये निकाल आला आणि सगळे चक्रावले. अगदी कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. सगळी बाळं मिळून पाहिलं तर जिथे इंजेक्शनाचा प्रसार केला तिथे नवजात मृत्यू दर हजारी २७.४ होते, बाकी ठिकाणी २३.९. आईच्या जंतुसंसर्गाची शंकाही वाढलेली दिसली. दिवस नक्की माहीत नसल्यामुळे इंजेक्शन अशा अनेक बायकांना मिळालं होतं, ज्यांचं बाळ प्रत्यक्षात लहान नव्हतंच.

यानंतर भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत दुसरा अभ्यास झाला. तिथे सोनोग्राफीने दिवस पक्के केलेले, प्रसूती लवकर होणार याची खात्री, आणि जन्मलेल्या बाळाची काळजी घ्यायची सोय. २०२० चा निकाल: इंजेक्शन मिळालेल्या गटात १९.६ टक्के बाळं दगावली, न मिळालेल्या गटात २३.५ टक्के. म्हणजे फायदा खरा आहे.

कोणताही शोधनिबंध वाचताना निष्कर्षाच्या आधी 'हे रुग्ण माझ्या रुग्णांसारखे आहेत का, आणि ही सोय माझ्याकडे आहे का' हे दोन प्रश्न विचारायचे, ते यामुळे. उपकेंद्रात, दिवसांचा अंदाज पाळीच्या आठवणीवर असताना, या इंजेक्शनाचा निर्णय जिल्हा रुग्णालयातल्या निर्णयासारखा असू शकत नाही. तिथे दिवस पडताळणं आणि वेळेत पुढे पाठवणं जास्त महत्त्वाचं.

आकडे कसे वाचायचे

'मृत्यू २५ टक्क्यांनी घटले' हे वाक्य ऐकलं की लगेच विचारा, कितीवरून किती? कमी वजनाच्या बाळांचं एक उदाहरण घेऊ. १००० ते १८०० ग्रॅमच्या बाळांना जन्मानंतर लगेच, स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या उघड्या छातीशी ठेवायचं का, यावर भारत आणि आफ्रिकेतले चार देश यांत अभ्यास झाला. २०२१ मध्ये निकाल आला. लगेच कांगारू मदर केअर सुरू केलेल्या गटात १२ टक्के बाळं दगावली, आधी स्थिर करून मग सुरू केलेल्या गटात १५.७ टक्के. प्रमाणात बोलायचं तर घट सुमारे २५ टक्के. प्रत्यक्षातला फरक शंभरात ३.७. म्हणजे २७ बाळांना लगेच छातीशी दिलं तर एक जीव जास्त वाचतो. तिन्ही आकडे खरे आहेत, पण वॉर्डातलं मनुष्यबळ, आईसाठी खाट, तिच्या टाक्यांची काळजी यांचं नियोजन करायला शेवटचा आकडा उपयोगी पडतो. उलट, हजारात दोनच जणांना होणारा त्रास एकावर आला तरी जाहिरातीत 'धोका निम्म्यावर' असंच छापून येतं.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल, खरा परिणाम ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो पट्टा. नेपाळच्या अभ्यासातली २४ टक्के घट मघाशी सांगितली. तुलनेच्या गटातले मृत्यू १ धरले, तर तिचा पट्टा ०.५५ ते १.०४ होता. म्हणजे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले असतील, किंवा चार टक्क्यांनी वाढलेही असतील, दोन्ही शक्यता त्या आकड्यांत बसतात. पट्टा १ ला ओलांडून जात असेल तर उत्साह आवरता घ्यावा.

आणि एक सोपा हिशेब लक्षात ठेवा. 'मी तीस बाळांना हे औषध दिलं, एकालाही त्रास झाला नाही' असं कोणी सांगितलं, तर तीनला तीसने भागा. उत्तर येतं दहा टक्के. शून्य त्रास दिसूनही खरा धोका दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. तीनशे बाळांत शून्य असेल तर ती मर्यादा एक टक्क्यावर येते.

पुरावा शोधायला फार भटकावं लागत नाही. आधी केंद्र सरकारची नवजात काळजीची मार्गदर्शक पुस्तिका, राष्ट्रीय नवजातशास्त्र संघटनेची तत्त्वं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशी पाहा. मग कॉक्रेनचे आढावे. त्यानंतर गरज पडली तरच पबमेडवर एकेक निबंध. उलट्या क्रमाने गेलात तर पहिल्याच उत्साही निबंधाच्या आहारी जाल. औषध कंपनीच्या माणसाने आणून दिलेला कागद मिळाला तर तो ठेवा, पण त्यातला मूळ निबंध स्वतः उघडून बघा.

शिवाय पुरावा कितीही भक्कम असला तरी समोर एक आई असते. डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुराव्यावर आधारित उपचाराची व्याख्या केली तेव्हा उपचारकर्त्याचं कौशल्य आणि रुग्णाची इच्छा यांना त्यांनी पुराव्याच्या शेजारी जागा दिली होती. हळद लावणाऱ्या सासूबाईंना रागावून काही होत नाही. त्या का लावतात, कोणी सांगितलं, न लावल्यास काय होईल असं त्यांना वाटतं, हे वीस घरांत बसून नीट ऐकून लिहून काढणं हेही संशोधनच आहे. 'का' आणि 'कसं' या प्रश्नांना मुलाखती लागतात. 'किती' या प्रश्नाला एका वेळची पाहणी. कशामुळे आजार झाला हे शोधायला आजारी आणि निरोगी लोकांचा मागोवा. आणि उपचाराचा गुण येतो का, हे ठरवायला चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना.

तुमच्या वॉर्डातला अभ्यास

सुरुवात लहान ठेवा. समजा तुम्हाला पाहायचं आहे की सिझेरियन झालेल्या किती आया पहिल्या तासात बाळाला पाजतात. आधी 'पहिला तास' कुठून कुठपर्यंत, ते ठरवा. जन्माच्या वेळेपासून की वॉर्डात आणल्यापासून? बाळाने तोंडात धरलं की मोजायचं, की नुसतं छातीशी ठेवलं तरी? ज्यांची वेळ लिहिलेलीच नाही त्यांना गाळायचं नाही, 'नोंद नाही' असा वेगळा गट करायचा. गाळलेल्या केसपेपरमध्येच बहुधा अडचणीच्या केसेस असतात. भागाकाराच्या खालचा आकडा, म्हणजे त्या महिन्यातली सगळी सिझेरियन, रजिस्टरवरून घ्या. आठवणीवरून घेऊ नका.

मग लगेच बदल करू नका. निदान काही आठवडे नुसतं मोजा. एखाद्या फार वाईट महिन्यानंतर उपाय सुरू केला तर पुढचा महिना आपोआपच बरा दिसतो, कारण टोकाचे महिने सहसा लागोपाठ येत नाहीत. दर आठवड्याचा आकडा भिंतीवरच्या कागदावर टिंबाने मांडत गेलात तर नेहमीचा चढउतार आणि खरा बदल यांतला फरक डोळ्यांना दिसू लागतो.

प्रबंध करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. 'गेल्या वर्षीच्या सीनियरने शंभर घेतले म्हणून मीही शंभर' असं करू नका. किती रुग्ण लागतील हे आधी ठरवायचं असतं आणि ते अपेक्षित फरकावर अवलंबून असतं. संख्याशास्त्रज्ञाकडे विषय ठरतानाच जा. माहिती गोळा करून झाल्यावर ते फक्त काय चुकलं एवढंच सांगू शकतात.

एथिक्स कमिटीची मंजुरी पहिल्या रुग्णाची माहिती घेण्याआधी लागते. नुसते जुने केसपेपर पाहायचे असले तरी संमती माफ करायची की नाही हे कमिटी ठरवते, आपण नाही. संमतीपत्र आईला कळेल अशा मराठीत असावं; गोंडी किंवा कोरकू बोलणारी आई असेल तर तिच्या भाषेत समजावणारं माणूस सोबत घ्या. उपचाराची तुलना करणार असाल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सीटीआरआय या नोंदणीस्थळावर अभ्यास आधी नोंदवा. नोंदणीला पैसे लागत नाहीत. तिथे तुम्ही कोणता परिणाम मोजणार हे आधीच जाहीर होतं, त्यामुळे शेवटी निकाल पाहून सोयीचा परिणाम निवडता येत नाही.

अहवाल लिहिताना फरक दिसला नाही तरी तो लिहाच. शक्य असेल तिथे छापा, नाही तर जिल्ह्याच्या मासिक सभेत मांडा, आणि ज्या वॉर्डात मोजणी झाली तिथल्या सिस्टर, आया आणि आशाताईंना आधी सांगा. शेजारच्या तालुक्यात कोणी तरी तोच उपाय करायच्या विचारात असेल. तुमच्या न छापलेल्या निकालामुळे त्यांनी त्यावर वर्ष घालवू नये.